सही कुणाची?



सरकारी दवाखान्यातली सकाळ. केसपेपर काढून बाई दोन तास बाकावर बसलेली असते. आत गेल्यावर दबक्या आवाजात सांगते, दिवस गेलेत, मूल नको आहे. टेबलापलीकडून पहिला प्रश्न येतो, "नवरा कुठाय?" पाळीची तारीख, आधीची बाळंतपणं, अंगातलं रक्त, हे सगळं नंतर. नवरा कामावर असतो, किंवा त्याला कळू द्यायचं नसतं, किंवा नवराच नसतो. तिन्हींवर उत्तर एकच: "त्याला घेऊन ये, सही लागते." गटाच्या बैठकीत हे सांगितलं तर निम्म्या जणी "अगदी असंच" म्हणतील.

ही सही लागत नाही. वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ सालचा. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरेशी, हे त्यात पहिल्यापासून आहे. पालकाची संमती लागते ती मुलगी अल्पवयीन असेल किंवा बाई मानसिक आजारी असेल तेव्हाच. संमतीच्या 'नमुना क'वर नवऱ्याच्या सहीला जागाच नाही. तरीही २९ सप्टेंबर २०२२च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की कायद्यात नसलेल्या अटी, घरच्यांची संमती, जादा कागदपत्रं, कोर्टाचा हुकूम, डॉक्टरांनी घालू नयेत. कायद्याला तेव्हा पन्नास वर्षं होऊन गेली होती.

डॉक्टर का मागतात? भीती हे एक कारण. उद्या नवरा येऊन धिंगाणा घालेल, केस करील. ही भीती अगदीच खोटी नाही; नातेवाइकांचा राग वॉर्डातल्या नर्सवर आणि शिकाऊ डॉक्टरवर निघतो हे आपण पाहिलं आहे. पण त्या भीतीची किंमत मोजते ती बाई. ती घरी परतते, आठवडे पुढे सरकतात. नऊ आठवड्यांनंतर गोळ्यांचा मार्ग बंद. वीस आठवड्यांनंतर दोन डॉक्टरांचं मत लागतं, तेही ठरावीक गटांतल्या बायकांसाठीच. मग मेडिकलच्या दुकानातून मागच्या दारानं गोळ्या, नाहीतर गल्लीतला कुणी बिनपरवान्याचा.

नवरा आलाच, तर दुसरी अट पुढे येते: "तांबी बसवून घे, नाहीतर ऑपरेशन." हीसुद्धा कायद्यात नाही. आणि ऑपरेशन कुणाचं? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्रीनसबंदी ३७.९ टक्के, पुरुषनसबंदी ०.३ टक्के. सही त्याची, टाके हिला.

याच्या उलट, गर्भपिशवी काढायची असते तेव्हा अंगठा किती चटकन घेतला जातो! २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. अंगावरून पांढरं जातं म्हणून आलेल्या बाईला कॅन्सरची भीती घालायची, आणि खाडा पडला की मुकादम पैसे कापणार, म्हणून तीही "एकदाची ब्याद जाऊ दे" म्हणणार. तिथे तिच्या संमतीची चौकशी कुणी केली?

एक गोष्ट मात्र आपल्या अंगणातली आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध आपण लढलो, १९८८ साली महाराष्ट्रात देशातला पहिला कायदा झाला, १९९४ साली केंद्राचा. त्या लढ्याचा अभिमान आहेच. पण त्याच काळात 'स्त्रीभ्रूणहत्या' हा शब्द आपणही पोस्टरवर लिहिला, पथनाट्यात ओरडून म्हटला. आज तोच शब्द गर्भपात मागणाऱ्या प्रत्येक बाईच्या अंगावर येतो. धाडीच्या धास्तीनं काही डॉक्टर गर्भपाताची केसच घेत नाहीत, आणि वॉर्डातली आया "हत्या करायला आलीस?" असं विचारते. तिला हा शब्द शिकवण्यात आपलाही वाटा आहे. गुन्हा आहे तो लिंग तपासणं आणि निवडणं. गर्भपात हा बाईचा कायदेशीर उपचार आहे. 'गर्भलिंगनिवड' हा शब्द लांबलचक आणि घोषणेत बसत नाही, हे मान्य. तरी यापुढे आपल्या पत्रकांत तोच वापरावा असं आम्हाला वाटतं.

पुढच्या तिमाहीत प्रत्येक गटानं आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन एवढंच पाहावं: 'नमुना क' मराठीत ठेवला आहे का, आणि त्याच्या खाली कुणी हातानं 'पतीची सही' अशी रेघ आखली आहे का. रेघ दिसली तर वैद्यकीय अधीक्षकांना लेखी पत्र द्या, पोच घ्या आणि तिची नक्कल आमच्याकडे पाठवा.