कुलूप खोलून दाखवावे का?

मागच्या रविवारी वर्गात मुलांना कुलूप खोलून दाखवले, तर एका पालकांनी विचारले, "मराठी शिकवताय की चोऱ्या?" प्रश्न रास्त होता, पण मला काही पटला नाही.

आमच्या पितळी कुलपात पिनांच्या पाच जोड्या होत्या. प्रत्येक जोडीतली एक पिन किल्लीला टेकते, दुसरीमागे स्प्रिंग असते. योग्य किल्लीने सगळ्या जोड्यांच्या फटी एका रेषेत येतात आणि आतला गोल भाग फिरतो. चोर हेच काम तारेने एकेक पिन बसवत करतो. आम्ही स्प्रिंगकडच्या चार पिना काढून तिथे डमरूसारख्या, बारीक कमरेच्या पिना घातल्या. आता तार लावली की ती कमर रेषेत अडकते, गोल भाग जरासा फिरतो, उघडले असे वाटते आणि उघडत नाही! किल्ली मात्र जुनीच चालते. (मोठ्या पकडीने कडीच कापली तर सगळे फुकट, हेही मुलांना सांगितले.) 'कडी', 'खटका', 'फट' हे शब्द त्यांनी पाठ न करता उचलले.

१८५१ साली लंडनच्या महाप्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज या अमेरिकन माणसाने चब आणि ब्रामा यांची नावाजलेली कुलपे उघडली. ब्रामाच्या कुलपाला १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले. चोरांना हे सारे आधीच ठाऊक असते, असे त्याचे म्हणणे. अंधारात राहतात ते कुलूप विकत घेणारे, म्हणजे आपण.

माझी अट एकच: कुलूप स्वतःचे हवे आणि दाराला लावलेले नको. ते पालक पुढच्या रविवारी गॅरेजचे जुने कुलूप घेऊन येणार आहेत.