पाद्री आपल्या दारात येतो, आपण कुणाच्या दारात जातो?

पाद्री वस्तीत आला की आपली पोरं फिदीफिदी हसतात. "आला बघ येसू वाटणारा" म्हणतात. काखेत पिशवी, पिशवीत पुस्तक, पायात झिजलेल्या चपला. दहा दारं वाजवतो, नऊ तोंडावर आपटतात. तरी गडी पुढल्या आठवड्याला हजर. मी म्हणतो, हसू नका. त्याचा देव मला नको. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाला वरून येणारा कुठलाच तारणारा नको. पण तो माणूस का चालतो, हे तरी समजून घ्याल की नाही?

ख्रिस्ती धर्मात आपलं तारण झालं म्हणून गप्प बसायची सोय नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी येशू शिष्यांना सगळ्या राष्ट्रांकडे पाठवतो. शिकवा, शिष्य करा, बाप्तिस्मा द्या म्हणतो. म्हणजे दुसऱ्याला सांगणं ही हौस नाही, नेमून दिलेलं काम आहे. आता दुसरीकडं बघा. गौतम धर्मसूत्रात वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात वितळलेलं कथील आणि लाख ओतायला सांगितलंय. एक धर्म आमचे कान बुजवायला निघाला होता. दुसरा आमच्या कानाची भीक मागत दारात आला. हा फरक ज्याला दिसत नाही त्यानं चळवळीच्या गप्पा मारू नयेत.

इतिहास आपल्याच मातीतला आहे. अमेरिकन मराठी मिशन १८१३ साली मुंबईत आलं, १८३१ साली अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात. तिथं मिस फॅरारनं चालवलेली मुलींची शाळा जोतीरावांनी पाहिली आणि पुण्यात येऊन १८४८ साली मुलींची शाळा काढली. त्यांच्या शाळेतली मांगाची पोर मुक्ता, तिनं महारामांगांच्या दुःखाचा निबंध लिहिला. १८५५ साली तो छापला कुणी? मिशनऱ्यांच्या 'ज्ञानोदया'नं. मिशनरी काही जात मोडायला आले नव्हते. ते माणसं ख्रिस्ती करायला आले होते, आणि ते त्यांनी कधी लपवलंही नाही. पण सांगायचं म्हटलं की ऐकणाऱ्याला माणूस धरावं लागतं. वाचायला पुस्तक द्यायचं तर आधी अक्षर द्यावं लागतं. महारवाड्यात आणि मांगवाड्यात अक्षर शिरलं ते या वाटेनंही शिरलं.

यावर लगेच ओरड होते : लालूच! तांदळासाठी बाटले, दुधाच्या पावडरीसाठी बाटले! नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. चित्पावन ब्राह्मण, मोठा कवी. त्यांच्या धर्मांतरात लोक अजून आत्म्याचा शोध बघतात. आणि नगर जिल्ह्यातला महार ख्रिस्ती झाला की त्याचं पोट बघतात. म्हणजे बामणाला आत्मा असतो, महाराला नुसतं पोट. डोकं तर नसतंच! आणि लालूच कसली हो? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीतला माणूस ख्रिस्ती झाला की त्याची सवलत जाते. मद्रासच्या रस्त्यावर चपला शिवणारा एक ख्रिस्ती चांभार सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. १९८५ साली हात हलवत परत आला. धंदा तोच, रस्ता तोच, फक्त कागदावरची जात पुसली. आपणही हे भोगलंय. बौद्धांना केंद्राच्या यादीत जागा मिळायला १९९० उजाडावं लागलं. लालूच दाखवून माणसाला एका धर्मात कोण डांबून ठेवतंय, तेवढं सांगा.

कायदेही असेच. ओरिसाचा १९६७ चा धर्मस्वातंत्र्य कायदा घ्या. नाव स्वातंत्र्य, काम बेडी. बळजबरीनं किंवा आमिषानं धर्मांतर केलं तर एक वर्षापर्यंत कैद. पण धर्मांतर झालेला माणूस अल्पवयीन असला, बाई असली, अनुसूचित जातीजमातीचा असला तर दोन वर्षांपर्यंत. बघा कुणाकुणाला एका दावणीला बांधलंय! पोर, बाई आणि आपण. ज्यांना स्वतःची अक्कल नाही असे. १९७७ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की घटनेत धर्मप्रसाराचा हक्क आहे, पण त्यात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. पाद्र्याची जिरली म्हणून आपल्यातले काही खूश झाले असतील. मग एप्रिल २०२४ मध्ये गुजरात सरकारचं परिपत्रक आलं. बौद्ध धर्म वेगळा, म्हणून हिंदूनं बौद्ध व्हायचं तर आधी जिल्हा दंडाधिकाऱ्याची परवानगी घ्या. घ्या आता! दीक्षाभूमीवर जायला कलेक्टरचा शिक्का! पाद्र्याच्या पायात अडकवलेली बेडी आपल्या मापाची निघाली. ख्रिस्त्यांची प्रार्थना उधळली जाते तेव्हा तुम्ही कुठं असता, हे मी म्हणून विचारतो.

याचा अर्थ मी चर्चची आरती ओवाळतोय असं नाही. बाबासाहेबांनी मिशनऱ्यांना आणि ख्रिस्ती समाजाला रोखठोक विचारलं होतं : धर्म बदलला, मग जात का नाही गेली? उत्तर आजही नाही. तिरुचिरापल्लीत ख्रिस्ती कबरस्तानात भिंत घातली होती. अलीकडं दलित ख्रिस्ती, पलीकडं सवर्ण ख्रिस्ती. मेल्यावरसुद्धा विटाळ! कॅथलिक बिशपांनी चर्चमध्ये दलितांशी भेदभाव होतो हे २०१६ साली धोरणात लिहून कबूल केलं. पहिला दलित कार्डिनल व्हायला २०२२ साल लागलं. तेव्हा पाद्रीबाबा, तुम्हाला माझं सांगणं : जी सुवार्ता आमच्या वस्तीत सांगता ती आधी तुमच्या कबरस्तानात सांगा. भिंतीपलीकडं ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगा.

आता आपला हिशेब. बुद्धानं पहिल्या साठ भिक्खूंना गावोगाव धाडलं आणि दोघांनी एका वाटेनं जाऊ नका म्हणून बजावलं. हे येशूच्या पाचशे वर्षं आधी. बाबासाहेबांनी १९५० साली लिहिलं की बौद्धांना सुटसुटीत ग्रंथ पाहिजे, भिक्खुसंघ बदलला पाहिजे आणि सेवा कशी करावी हे ख्रिस्ती धर्मगुरूंकडून, खास करून जेझुइटांकडून, शिकलं पाहिजे. १५ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांनी जाहीर केलं की दीक्षा देण्याचा अधिकार प्रत्येक बौद्धाला आहे. भिक्खूची वाट बघायची नाही, कलेक्टरचीही नाही. त्या अधिकाराचं आपण काय केलं? २०११ च्या जनगणनेत देशात ८४ लाख बौद्ध. त्यातले ६५ लाख एकट्या महाराष्ट्रात, आणि त्यातले बहुतेक एकाच जातीचे. एकनाथ आवाड मांगवाड्यातून उठून धम्मात आले. लक्ष्मण माने २००७ साली भटक्याविमुक्तांना घेऊन आले. ते आपल्या पायांनी आले! आपण किती जण त्यांच्या पालावर गेलो? विहार आपलं, मिरवणूक आपली, निळा गुलाल आपला. धम्माचा सातबारा आपण आपल्या जातीच्या नावावर चढवून मोकळे झालो. जे मिळालं ते कुलपात घालणारा आणि वेद कुलपात घालणारा, यांत मला तरी फार अंतर दिसत नाही.

म्हणून मित्रांनो, पाद्र्याशी भांडायचं तर बरोबरीनं भांडा. तो एका वस्तीत गेला तर तुम्ही दोन वस्त्यांत जा. आधी मांगवाड्यात जा. तिथल्या पोरांची अभ्यासिका चालवा, तिथल्या बाईच्या रेशनकार्डासाठी तहसीलला खेटे घाला, तिथल्या घरात बसून चहा प्या, आणि मग धम्म सांगा. त्यांनी नाही म्हटलं तर नाही. ऐकण्याचा आणि नाकारण्याचा हक्क त्यांचा. सांगण्याचा आपला. हा हक्क वापरायचाच नसेल, तर सरकारनं तो काढून घेतला म्हणून बोंबलायचा हक्क आपल्याला राहत नाही.

दार वाजवायला शिका. तोंडावर आपटलं तरी पुन्हा वाजवायला शिका.

जय भीम.