व्हिडिओ आहे, प्रमाणपत्र कुठे आहे?

पानटपरीवर सिगारेटच्या ब्रँडचा झगमगता बोर्ड लावणे गुन्हा आहे. 2003 च्या तंबाखू नियंत्रण कायद्याचे कलम 5 तसे सांगते. विक्रीच्या जागी चालतो तो 60 बाय 45 सेंटिमीटरचा, ब्रँडचे नाव नसलेला फलक. पण बोर्ड तासाभरात उतरवता येतो, म्हणून खटल्यात सगळी भिस्त चित्रीकरणावर. नेमके तेच आपली यंत्रणा मातीत घालते. मोबाइलवर चित्रीकरण होते, व्हॉट्सॲपवरून साहेबांकडे जाते, तिथून पेनड्राइव्हवर, आणि कोर्टात सोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्रच नसते. मग आरोपी सुटला की ‘तांत्रिक कारण’ म्हणून न्यायालयाच्या नावाने बोटे मोडायची. मला या रडगाण्याची चीड आहे.

कारण नियम कुणापासून लपलेला नाही. मूळ मोबाइल त्याच्या मालकानेच साक्षीला येऊन सिद्ध केला, तर प्रमाणपत्र लागत नाही. प्रत दिली, तर लागतेच. सर्वोच्च न्यायालयाने हे 2014 मध्ये सांगितले, 2018 मध्ये सैल केले आणि 2020 मध्ये पुन्हा घट्ट केले. तो 2020 चा खटला आपल्या जालन्याचा, खोतकर विरुद्ध गोरंट्याल. निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातल्या चित्रफितींवरून वाद होता आणि मागूनही प्रमाणपत्र मिळत नव्हते. अशा वेळी न्यायालयाकडे अर्ज करून ते मागवता येते, हेही तिथेच स्पष्ट झाले. आता सबब कसली उरली?

1 जुलै 2024 पासून तर झडती-जप्तीचे चित्रीकरण सक्तीचेच आहे. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्राचे दोन भाग असतात: एक पुरावा देणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. त्यात फाइलचे हॅश मूल्य लिहावे लागते. फाइल जराही बदलली की ते मूल्य बदलते. ही अट आरोपीचे रक्षण करते, आणि ते व्हायलाच हवे. बनावट चित्रफीत दाखवून टपरीवाल्याला तुरुंगात पाठवण्याच्या मी ठाम विरोधात आहे.

बोर्डाच्या या गुन्ह्यात पहिल्या दोषसिद्धीला दंड जास्तीत जास्त 1000 रुपये, किंवा 2 वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. 5 वर्षांपर्यंतची कैद दुसऱ्या दोषसिद्धीला. पहिलीच हातची घालवली, तर दुसरी येणार कुठून?

प्रमाणपत्राचा नमुना अधिनियमाच्या परिशिष्टातच छापलेला आहे. तपास अधिकाऱ्यांनो, तो भरा.