स्तवनाचा ठेका आणि चोरीचा ढोल



गेल्या पर्युषणात आमच्या पालीच्या मंडळाच्या ग्रुपवर मी सासूबाईंच्या चालीतली चार स्तवने ठेक्यासह टाकली होती. "ढोलकी कोणी वाजवली?" असे बऱ्याच जणींनी विचारले. मी ऐटीत लिहिले, "कॉम्प्युटरने." तो ठेका चोरीचा होता, हे मात्र लिहिले नाही. यंदा तुमच्यापैकी कित्येक जणी घरी रेकॉर्डिंग करणार आहात आणि कोणते सॉफ्टवेअर घ्यावे म्हणून मला विचारता आहात. तेव्हा आधी हे सांगायलाच हवे.

सासूबाईंना अकरा जुन्या चाली येतात. त्या कुठे लिहिलेल्या नाहीत आणि आता त्यांचा श्वास पुरत नाही. मोबाइलवर नुसता आवाज घेतला, तर पहिल्या कडव्याला संथ असलेली लय तिसऱ्या कडव्यापर्यंत धावायला लागते, आणि ऐकून शिकणाऱ्या बायका गोंधळतात. म्हणून खाली एक स्थिर ठेका हवा होता. एवढीच गरज. कॅसेट काढायची नव्हती, सीडी विकायची नव्हती. भावनेत सगळ्यांना एका सुरात आणि एका तालात म्हणता यावे, यासाठी नमुना हवा होता.

पुतण्याने मित्राकडून पेन ड्राइव्हवर एक महागडे परदेशी ड्रम सॉफ्टवेअर आणले. कुलूप तोडलेले, म्हणजे ज्याला ही मुले 'क्रॅक' म्हणतात ते. ईझीड्रमरसारखी सॉफ्टवेअर रीतसर घ्यायची, तर दहा हजारांच्या वर जातात. हे फुकट. मी म्हटले, बरे झाले.

खटकले ते नंतर, अतिचार वाचताना. तिसऱ्या अणुव्रताच्या अतिचारांत 'तदाहृतादान' आहे: चोराने आणलेली वस्तू घेणे. चोरी आपण केली नाही, नुसती घेतली, तरी दोष आहेच. पुतण्या म्हणाला, "काकू, आपण ते विकत थोडेच घेणार होतो? कंपनीचे काय गेले?" मी त्याला म्हटले, त्याच यादीत खोटे माप आणि भेसळही आहे. दुकानाच्या काट्यात दहा ग्रॅमचा फरक पडला, तर तुझे आजोबा गिऱ्हाइकाला परत बोलावून माल देत. दहा ग्रॅमने गिऱ्हाइकाचेही काही जात नव्हते. तो गप्प बसला. खरे सांगायचे, तर मीही गप्पच बसले, कारण ती फाइल उघडणारी मीच होते.

व्यवहाराची बाजूही आहे. ज्या कॉम्प्युटरवर दुकानाचा जीएसटी भरतो, त्यावर कुठली तरी कुलूप तोडलेली फाइल चालवणे म्हणजे घराची किल्ली अनोळखी माणसाला देणे. अशा फाइलींतून व्हायरस येतात.

आणि या चोरीची गरजच नव्हती. 'हायड्रोजन' नावाचे ड्रम सॉफ्टवेअर खरोखर फुकट आहे. बनवणाऱ्यांनीच ते सगळ्यांना वापरायला दिले आहे. त्यात चौकटीवर टिंबे मांडायची असतात, साधारण रांगोळीच्या ठिपक्यांसारखी. आठ मात्रा मांडल्या की केरवा, सहा मांडल्या की दादरा. आवाज घेण्यासाठी 'ऑडासिटी' आहे, तेही फुकट. आयफोन असेल, तर 'गॅरेजबँड' पैसे न देता मिळते. तबल्याचाच ठेका हवा, तर 'आयतबला प्रो' हे ॲप विकत घ्यावे लागते, पण मोठ्या ड्रम सॉफ्टवेअरच्या मानाने ते फारच स्वस्त आहे.

माझे मत असे, की नमुन्याच्या रेकॉर्डिंगसाठी पैसे खर्चूच नयेत. महागड्या सॉफ्टवेअरमध्ये शेकडो ढोल, झांजा आणि तऱ्हेतऱ्हेचे ठेके असतात. आपल्याला लागतात दोन ताल. उरलेला सगळा परिग्रहच.

आता चामड्याचे. पाकीट घेताना आपण उलटून पाहतो, पण ढोलकी-तबल्याची पुडी बकऱ्याच्या कातड्याची असते हे विसरतो. देरासरात ढोलकी वाजवणाऱ्यांना मी नावे ठेवत नाही. मात्र करणे, करवणे आणि अनुमोदणे हे तिन्ही मोजायचे, तर सॉफ्टवेअरमधला तबलाही कधीतरी खऱ्या पुडीवरच वाजलेला असतो. नवे कातडे त्यासाठी लागत नाही, हे खरे. तरी मन पूर्ण मोकळे होत नाही.

यावर एक वाट सापडली. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' हा संग्रह केला. त्यातला ठेका रोलँड कंपनीच्या टीआर-८०८ या यंत्राचा आहे. त्या यंत्रात ढोलाचे रेकॉर्डिंग नाहीच, विजेच्या मंडलांतूनच आवाज तयार होतो. हायड्रोजनमध्ये त्याच ८०८ च्या आवाजांचा संच मिळतो. शिवाय आपले स्वतःचे आवाजही त्यात घालता येतात. आम्ही पोळपाटावर हाताची थाप, रिकाम्या डब्यावर बोट, मंजिरीचा एक ठोका आणि टाळी असे चार आवाज घेऊन ढोलकी केली. पावसाने पत्रे वाजतात म्हणून आतल्या खोलीत, दाराला गोधडी टांगून.

दोन गोष्टी अनुभवाने सांगते. ठेका आधी लावून म्हाताऱ्या माणसाला त्यावर गायला लावू नका. आधी त्यांना मंजिरीवर गाऊ द्या, त्यांची लय मोजा आणि तीच सॉफ्टवेअरमध्ये भरा. दुसरे, प्रत्येक कडव्यानंतर एक आवर्तन रिकामे सोडा. यंत्र श्वासासाठी थांबत नाही, ती जागा आपणच ठेवायची.

अकरापैकी सात चाली झाल्या आहेत. ऐकून सासूबाई म्हणाल्या, "पोळपाट बरा वाजतो, पण मला अजून घाई करतो." म्हणून लय पुन्हा कमी केली आहे.

गेल्या वर्षीच्या चार फाइली तुमच्या मोबाइलमध्ये असतील, तर काढून टाका. तीच स्तवने नव्या ठेक्यावर या आठवड्यात पाठवते. चोरीचा ठेका तुमच्या हाती न सांगता दिला, त्यासाठी संवत्सरीची वाट न पाहता आजच, मिच्छामि दुक्कडम्.