‘कडक’चा हिशेब

‘स्वस्त आणि कडक’ हे शब्द चहाबद्दल असले तर कानाला बरे वाटतात. दारूबद्दल असले की घरातल्या बाईच्या पोटात गोळा येतो. म्हणूनच मैत्रिणींनो, या ‘कडक’चा अर्थ आपल्याला नीट ठाऊक हवा, असं माझं मत आहे.

मागच्या दिवाळीत मी साताऱ्याहून सांगलीला नणंदेकडे गेले होते. अमेरिकेत नोकरी करणाऱ्या भाच्यानं बर्बन व्हिस्की आणली होती. “मामी, तिकडे ही स्वस्तातली, पण हाय प्रूफ!” बाटलीवर १०० प्रूफ लिहिलेलं. अमेरिकी हिशेबानं त्याच्या निम्मे, म्हणजे ५० टक्के अल्कोहोल. निम्म्याहून जास्त मका वापरून केलेली, आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपात मुरवलेली. मी टोपणभर चाखली. वास काकवीसारखा, मागून व्हॅनिलाचा. मग छातीपर्यंत जाळ! चार थेंब पाणी घातल्यावर चटका कमी झाला आणि वास खुलला. चव होती, नाही कशाला म्हणू?

पण ही चवीची चैन घोटभर घेऊन थांबणाऱ्याची. आपल्याकडे मळीच्या स्पिरिटची देशी कोण चवीसाठी घेतो? तिथं पाहतात ते एवढंच, की कमी पैशात किती चढते. २०२५च्या दरवाढीनंतरही देशीच्या १८० मिलीच्या बाटलीची किमान किंमत ८० रुपये ठरली.

आता लेबल बघा. अनेक बाटल्यांवर ‘२५ यू.पी.’ असतं. कुणाला वाटेल, पंचवीस टक्केच आहे की! तसं नाही. यू.पी. म्हणजे ‘अंडर प्रूफ’. हे जुनं इंग्रजी माप आहे. त्यातलं १०० प्रूफ म्हणजे सुमारे ५७ टक्के. त्याहून पंचवीस अंश कमी म्हणजे ४२.८ टक्के. मग ‘एकच क्वार्टर घेतली’ म्हणणाऱ्याच्या पोटात ७७ मिली निव्वळ अल्कोहोल गेलं. पाच टक्केवाल्या बिअरच्या ६५० मिलीच्या दोन बाटल्यांत मिळून ६५ मिली असतं!

कुणी म्हणेल, पिणारा पितोय, बाईला आकड्यांशी काय करायचंय? अहो, घरखर्चाला कात्री तिनंच लावायची, दवाखान्यात तिनंच धावायचं, मग हिशेब तिला नको? मसाल्याच्या पुडीवरची तारीख आपण वाचतोच ना? अमेरिकेत भेसळीला कंटाळून १८९७ साली कायदा झाला. सरकारी देखरेखीखाली किमान चार वर्षं मुरलेली आणि बरोबर ५० टक्क्यांची व्हिस्की असेल, तरच तसा शिक्का मिळू लागला. बाटलीत काय आहे हे कळणं हा हक्कच मानला गेला.

महाराष्ट्रातल्या बायकांनी ‘आडव्या बाटली’ला मत देऊन गावोगावची दुकानं बंद पाडली. ती ताकद मोठीच. पण दुकान गावातून गेलं तरी बाटली शेजारच्या गावातून येते, लग्नाच्या वरातीत येते, कॉलेजातल्या पोराच्या बॅगेतही येते. तिथं मतपेटी नसते. तिथं आपलं ज्ञानच कामी येतं. दारूचं कुठलंच प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये सांगितलंय. पोराला नुसतं रागावण्यापेक्षा हे आकड्यानिशी सांगितलं, तर तो निदान ऐकेल तरी.

तेव्हा घरात बाटली सापडली तर फोडायच्या आधी तिचं लेबल वाचा.