जुना दिवा काढण्यापूर्वीं

रात्रीं मोटार चालविणाऱ्याच्या समोर, डॅशबोर्डवर, दोन-चार लहान दिवे मंद जळत असतात. जुन्या रेडिओच्या काचपट्टीमागेंही तसाच एखादा दिवा असतो. ह्या तंतूच्या दिव्यांच्या जागीं एल्. ई. डी. बसविण्याची हौस आमच्या कांहीं विद्यार्थ्यांत दिसते. हौस स्तुत्य आहे. परंतु तिला विचाराची जोड नसेल तर ती महागांत पडते, हें मी स्वानुभवानें शिकलों आहें.

प्रथम ह्या बदलाचे गुण मान्य केले पाहिजेत. तंतूचा दिवा जी वीज घेतो, तिचा बहुतेक भाग उष्णतेंतच जातो. व्हाल्व्हच्या रेडिओंतील नेहमींचा दिवा ६.३ व्होल्टवर ०.१५ अँपिअर, म्हणजे सुमारें एक वॅट, घेतो. एल्. ई. डी.चें काम त्याच्या अल्पांशांत भागतें आणि तो पुष्कळ अधिक टिकतो. १९६२ सालीं निक होलोन्याक यांनीं तांबडा एल्. ई. डी. तयार केला, तेजस्वी निळ्या एल्. ई. डी.साठीं पुढें सुमारें तीस वर्षें लागलीं, आणि त्याबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा ह्या तिघांस २०१४ चें नोबेल पारितोषिक मिळालें. आजचा पांढरा एल्. ई. डी. ही त्या निळ्याचीच देणगी होय.

परंतु जुना दिवा केवळ उजेडच देतो, असें समजणें चुकीचें आहे. मागें मीं माझ्या जुन्या मोटारींतील सर्व लहान दिवे बदलले. त्यांत बॅटरी भरत नसल्याची सूचना देणारा तांबडा दिवाही होता. एल्. ई. डी.मधून वीज एकाच दिशेनें वाहते, आणि हा मीं नेमका उलटा बसविला. किल्ली फिरविली, दिवा पेटला नाहीं. ज्या अर्थीं दिवा पेटत नाहीं, त्या अर्थीं सर्व ठीक आहे, असें मीं मानलें! दोनच दिवसांनीं, रात्रींच्या वेळीं, मुलेंबाळें गाडींत असतां भर रस्त्यांत गाडी बंद पडली. बॅटरी पार रिकामी झाली होती.

कारण कळलें तेव्हां मी खजील झालों. अनेक जुन्या गाड्यांत ह्या तांबड्या दिव्यांतून येणाऱ्या विजेनेंच आल्टरनेटरचें चुंबकत्व प्रथम जागें होतें. दोन-अडीच वॅटचा दिवा सुमारें ०.२ अँपिअर पुरवितो. सुलट बसविलेला एल्. ई. डी. त्याचा दहावा हिस्साच जाऊं देतो, आणि उलटा कांहींच नाहीं.

रेडिओचीही गोष्ट तशीच. ट्रान्स्फॉर्मरच्या रेडिओंत दिव्याकडे येणारी वीज सारखी दिशा बदलते. म्हणून एकटा एल्. ई. डी. सेकंदांत पन्नास वेळां लुकलुकतो. ट्रान्स्फॉर्मर नसलेल्या कांहीं रेडिओंत तर व्हाल्व्ह तापविणारी वीज ह्या दिव्यांतूनच जाते, तेथें एल्. ई. डी. परस्पर बसविला तर रेडिओच चालणार नाहीं. शिवाय अशा रेडिओच्या आंतील पत्र्यांत घरच्या विजेचा जीवघेणा झटका लपलेला असूं शकतो. विद्यार्थ्यांनीं तो स्वतः कदापि उघडूं नये.

मग जुनें तेंच बरें म्हणून हात जोडून बसावें काय? मुळींच नाहीं. केवळ उजेडासाठीं असलेले दिवे खुशाल बदलावे. बॅटरीचा तांबडा दिवा मात्र तंतूचाच राहूं द्यावा, अथवा जाणत्याकडून त्याच्या जोडीस योग्य रोधक बसवून घ्यावा. किल्ली फिरवितांच तो पेटला पाहिजे व इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे; ही परीक्षा मीं घेतली असती, तर त्या रात्रींचा प्रसंग टळला असता.

पालकांस एवढीच विनंती, कीं मुलाच्या हातांतला पेंचकस रागानें हिसकावून घेऊं नका. “हा दिवा येथें काय काम करतो?” एवढेंच त्यास विचारा. उत्तर देतां आलें, तर शेजारीं बसून त्यास काम करूं द्या. न आलें, तर तें शोधून येईपर्यंत जुना दिवा जागच्या जागीं राहूं द्या.