विश्लेषण : आपल्या ५जीचं घड्याळ कोणाच्या हातात?

नोव्हेंबर २०२५मध्ये दिल्ली विमानतळाजवळ काही विमानांना खोटे जीपीएस सिग्नल मिळाले. केंद्र सरकारने नंतर संसदेत तसं सांगितलं. चर्चा विमानांची झाली, पण तुमच्या ५जी फोनचं नेटही जीपीएसवर बरंच अवलंबून आहे. आणि तिथे प्रश्न नकाशाचा नाही, वेळेचा आहे.

टॉवरला घड्याळ कशाला?
भारतात ५जीसाठी वापरल्या जाणाऱ्या ३.३ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात टॉवर आणि फोन एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने बोलतात. टॉवर बोलतो, मग गप्प बसून फोनचं ऐकतो. आजूबाजूच्या सगळ्या टॉवरनी ही पाळी एकदमच बदलावी लागते. प्रमाण वेळेपासून फार तर १.५ मायक्रोसेकंदाचा फरक चालतो. तेवढ्या वेळात प्रकाश जेमतेम ४५० मीटर जातो!

घड्याळ चुकलं तर?
बाकीचे टॉवर ऐकत असताना एखादा बोलतच राहतो. त्याच्या आवाजात फोनचे क्षीण सिग्नल बुडतात. इमारती आणि झाडांमुळे सिग्नल किती बिघडला, हे ओळखायला फोन ठरावीक खुणेचे सिग्नल पाठवतो. तेही बुडाले, की उरलेला डेटा टॉवरला नीट उलगडत नाही. फोनवर रेंज फुल दिसते, पण फोटो अपलोड होत नाही.

वेळ येते कुठून?
अनेक टॉवर ती जीपीएस उपग्रहांतल्या अणुघड्याळांकडून घेतात. ही यंत्रणा अमेरिकेच्या स्पेस फोर्सच्या ताब्यात आहे. शिवाय सुमारे २० हजार किलोमीटरवरून येणारा हा सिग्नल इतका क्षीण असतो, की छोटा जॅमरही तो दाबू शकतो. सिग्नल गेला तर टॉवरचं स्वतःचं घड्याळ काही तास निभावून नेतं, मग भरकटू लागतं.

भारताची तयारी किती?
मे २०२३मध्ये इस्रोने नाविक मालिकेतला एनव्हीएस-०१ हा उपग्रह स्वदेशी रुबिडियम घड्याळासह सोडला. जानेवारी २०२५मध्ये सोडलेला एनव्हीएस-०२ मात्र ठरलेल्या कक्षेत पोहोचू शकला नाही. त्याच महिन्यात सरकारने भारतीय प्रमाण वेळ सक्तीची करणाऱ्या नियमांचा मसुदा मांडला. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेची वेळ देशातल्या पाच प्रयोगशाळांमार्फत सगळीकडे पोहोचवण्याचीही योजना आहे.

ही वेळ फायबरमधून टॉवरपर्यंत नेता येते. जमिनीखालच्या तारेवर आकाशातल्या जॅमरचा परिणाम होत नाही. त्यामुळे नाविक आणि फायबर हे दोन्ही आधार जिथे असतील, तिथे जीपीएस गेलं तरी नेट चालू राहील.